जिन्याखालची टू-स्ट्रोक : पहिल्या किकच्या आधी

सोलापुरातल्या जुन्या घरांत जिन्याखाली, बोळाच्या टोकाला किंवा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एखादी गाडी वर्षानुवर्षे उभी असते. वर विटलेली सोलापुरी चादर, टायर बसलेले, सीटवर रिकामे डबे. कुणाकडे येझदी, कुणाकडे राजदूत, कुणाकडे आरएक्स-१००. घरातल्या कर्त्या माणसाने ती वीस-पंचवीस वर्षे चालवली. मग त्याचे गुडघे बोलायला लागले, किंवा तो अल्लाहला प्यारा झाला, आणि गाडी तिथेच राहिली. भंगारवाला दारावरून गेला की घरात चर्चा होते. एक म्हणतो देऊन टाका, दुसरा म्हणतो अब्बांची आहे, राहू द्या. मग एखाद्या ईदला सगळे जमले की धाकट्याला हुरूप येतो, चादर ओढली जाते आणि पायाने किक मारायला सुरुवात होते.

या सदरात आम्ही घरातल्या यंत्रांविषयी लिहितो. या महिन्यात सांगायचे ते एवढेच, की ती पहिली किक घाईने मारू नका. दहा वर्षे उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोक इंजिनाचे जेवढे नुकसान त्या दहा वर्षांत होत नाही, तेवढे घाईच्या दहा किकमध्ये होऊ शकते.

ही यंत्रे आली कुठून

जावा ही मूळची प्रागची कंपनी. १९२९ साली यानेचेक या उद्योजकाने जर्मनीच्या वांडरर कंपनीची मोटारसायकल बनवायला घेतली आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या बनू लागल्या. पुढे सत्तरच्या दशकात त्याच कारखान्यातून येझदी नावाने गाडी निघू लागली, आणि १९९६ मध्ये उत्पादन थांबले. राजदूत एस्कॉर्ट्सची. यामाहा आरएक्स-१०० ही १९८५ ते १९९६ या काळातली. महाराष्ट्राचा वाटाही मोठा आहे. आकुर्डीची बजाज चेतक, साताऱ्याची प्रिया आणि १९७२ साली आलेली फिरोदियांची लुना या सगळ्या टू-स्ट्रोकच.

सोलापुरात या गाड्यांनी किती कामे केली याची मोजदाद नाही. चादरींचे गठ्ठे, विड्यांची पाने, दुधाचे कॅन, टाकीवर एक मूल, मागे बायको आणि तिच्या मांडीवर दुसरे मूल. मेकॅनिक चौकात आणि विजापूर वेशीच्या आसपास या इंजिनांचा आवाज ऐकून रोग सांगणारे उस्ताद होते. काही अजून आहेत, पण वय झालेले. त्यांची मुले बहुतेक फोर-स्ट्रोक आणि आता बॅटरीच्या गाड्यांकडे वळली आहेत. म्हणून जे काम त्यांच्याकडून करून घ्यायचे ते लवकर करून घ्यावे, आणि होत असताना शेजारी बसून बघावे.

आधी गाडी कुणाची ते ठरवा

गेल्या हिवाळ्यात विजापूर वेशीजवळच्या एका घरातली ऐंशीच्या दशकातली येझदी सुरू करायच्या तयारीत आम्ही पहिल्या दिवसापासून होतो. घरात आई, दोन मुलगे आणि दोन लग्न झालेल्या मुली. वडील जाऊन सहा वर्षे झालेली, गाडी त्याच्याही आधी चार वर्षे बंद. धाकटा मुलगा पाने घेऊन बसला तेव्हा आईने चावी दिली नाही. “आधी बहिणींना विचार,” एवढेच त्या म्हणाल्या.

त्या माउलीने खरी सुरुवात दाखवून दिली. मरहूम माणसाची मोटारसायकल हा त्याच्या तरक्याचा भाग असतो. कर्ज आणि वसियत भागल्यावर, मुले असतील तर पत्नीचा आठवा हिस्सा आणि उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक, हा हिशेब जमिनीला लागतो तसाच गाडीलाही लागतो. ‘जुनी गाडी, तिचे काय मोल’ असे म्हणून चालत नाही. नीट चालू स्थितीतल्या जुन्या येझदीला आज शौकीन लोक चांगली किंमत देतात. किंमत काढा, ज्यांना हक्क हवा त्यांना द्या, ज्यांना सोडायचा आहे त्यांनी खुशीने सोडावा. या घरात दोन्ही बहिणींनी फोनवर हसत हसत हक्क सोडला. थोरलीची अट एकच होती. टाकीचा रंग बदलायचा नाही.

कायद्याचेही बघावे लागते. मालक वारला तर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी नावावर करण्यासाठी अर्ज करायचा, असा नियम आहे. बहुतेक घरांत हे राहून जाते. उशीर झाला असेल तर दंड भरून करता येते, पण मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि आरसी बुक लागते. आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का, ते पैसे खर्च करण्याआधी बघा. नोंदणीची पहिली मुदत पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ‘व्हिंटेज’ हा शब्द हल्ली सर्रास वापरतात, पण २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे होऊन गेलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच त्यात बसते. तिच्या नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आहे, आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या येझदीला साधे नूतनीकरणच करून घ्यायचे आहे.

टू-स्ट्रोकचा स्वभाव

फोर-स्ट्रोक गाडीच्या इंजिनात तळाशी ऑइल साठलेले असते. टू-स्ट्रोकमध्ये तसे नसते. क्रँक, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग, पिस्टन या सगळ्यांना तेल मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-टी ऑइलमधूनच. इंजिन बंद असले की आत नवे तेल येत नाही. दहा वर्षांत जुना थर सुकतो, सिलिंडरच्या भिंतीवर गंज चढतो, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात. अशा वेळी कोरड्या इंजिनावर जोराने किक मारली की गंजाचे कण रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये घासतात आणि ओरखडे पडतात.

दुसरी गोष्ट हवेची. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची क्रँकची पेटीसुद्धा पंपासारखे काम करते. पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी तिथे दाबले जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. ही पेटी हवाबंद राहते ती क्रँकच्या दोन टोकांना असलेल्या रबरी ऑइल सीलमुळे. आपल्याकडचा उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा. उभ्या गाडीतले रबर त्यात कडक होते, चिरते. येझदीत डाव्या बाजूला क्लच आणि चेनचे ऑइल असते. तिकडचे सील गेले तर इंजिन गिअरचे ऑइल ओढून जाळते आणि पांढरा धूर थांबत नाही. उजव्या बाजूला डायनामो असतो. तिकडचे सील गेले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिनाचा वेग आपोआप चढतो, पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. यालाच मेकॅनिक ‘इंजिन सीझ झाले’ म्हणतात. धावत्या गाडीवर हे झाले तर मागचे चाक अडकते आणि माणूस पडतो. म्हणून हा प्रश्न नुसत्या यंत्राचा नाही.

किक न मारता पहिले दोन दिवस

पहिल्या दिवशी स्पार्क प्लग काढायचा. प्लगच्या भोकातून दोन चमचे टू-टी ऑइल सोडायचे आणि रात्रभर तसेच ठेवायचे. दुसऱ्या दिवशी, प्लग बाहेरच ठेवून, गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची, सगळ्यात वरचा गिअर टाकायचा आणि मागचे चाक हाताने हलकेच पुढे फिरवायचे. किकपेक्षा हाताला जास्त कळते. कुठे अडते, कुठे खरखरते, कुठे सैल जाते, ते बोटांना जाणवते. चाक हलले नाही तर जोर करायचा नाही. थोडे डिझेल आणि ऑइल घालून आणखी दोन-तीन दिवस थांबायचे. तरी नाही हलले तर सिलिंडर उतरवायचा. लोखंडी नळी लावून किक दाबणारे असतात. त्यांना गाडीपासून दूर ठेवा.

चाक फिरले की दोन्ही सायलेन्सर पाइप काढा. येझदीला एकच सिलिंडर आणि दोन एक्झॉस्ट. त्या तोंडातून टॉर्च मारला तर पिस्टनची कड आणि रिंगा दिसतात. उभे ओरखडे दिसले तर पुढे जाण्यात अर्थ नाही. आधी सिलिंडर उतरवून बोअर तपासून घ्या. पाइपमध्येही बघा. त्या घरातल्या येझदीच्या डाव्या सायलेन्सरच्या शेपटीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते, पार दगडासारखे. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने कापूस भरून ठेवला होता. तो बहुधा उशीचाच असावा, कारण आईंना तो ओळखू आला.

उघडताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यावर चिठ्ठी लावा. मुलांना हे काम आवडते आणि ती चुकत नाहीत.

टाकी, कार्बोरेटर, ठिणगी

टाकीतले जुने पेट्रोल काढून टाका. त्याला रंगाच्या दुकानासारखा वास येतो. ते गटारात ओतू नका. गंज असेल तर टाकी उतरवून त्यात व्हिनेगर आणि मूठभर छोटे नट घालून हलवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. टाकी वाळवायला चुलीजवळ किंवा गॅसजवळ कधीही ठेवू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ असते. पेट्रोलचा नळ उघडून त्यातला बुच आणि जाळी बघा. झाकणाचे हवेचे भोक बंद असेल तर गाडी दहा मिनिटे चालून बंद पडते आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो.

कार्बोरेटर पूर्ण उघडून पेट्रोलने धुवा. जेटच्या भोकात तार घालू नका, भोक मोठे होते. हवेने फुंकून साफ करा. पितळी फ्लोट कानाजवळ हलवून बघा. आत खळखळ ऐकू आली तर त्याला चीर आहे.

जुन्या जावा-येझदीत ठिणगी बॅटरीवर अवलंबून असते. सहा व्होल्टची बॅटरी मेलेली असेल तर कितीही किक मारून उपयोग नाही. सीबी पॉइंटवर दहा वर्षांचा काळा थर असतो. तो अगदी बारीक पॉलिश पेपरने काढा आणि कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढा. दोन पॉइंटमधले अंतर फिलर गेजने ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. पॉइंटवर मोठी निळी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेला समजा. टायमिंग मात्र अंदाजाने लावू नये. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले माप पाहून उस्तादांकडूनच लावून घ्यावे. ठिणगी फार आधी पडली तर किक उलटी फिरते आणि पिंडरीवर बसते. जुन्या येझदीवाल्यांच्या पायावरच्या खुणा याची साक्ष आहेत.

सीलचे काय करायचे? आमचे मत स्पष्ट आहे. गाडी दहा वर्षे उभी असेल तर दोन्ही सील बदलूनच पहिली किक मारावी. आमच्या येझदीचे उजवे सील उस्तादांनी काढले तेव्हा ते बोटाने दाबताच बिस्किटासारखे तुटले. धाकटा मुलगा बराच वेळ ते हातात धरून बसला होता. त्याच सीलवर तो पहिल्याच दिवशी गाडी काढायला निघाला होता.

गिअरचे ऑइल बदला. निघालेले ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. क्लच त्याच ऑइलमध्ये असतो, म्हणून कारचे महागडे निसरडे ऑइल घालू नका, क्लच घसरतो. आणि इंजिन सुरू करण्याच्या आधी ब्रेक तपासा. सुरू झालेली गाडी थांबवता आली पाहिजे, हे बरेच जण विसरतात. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३११’ म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. तसा टायर वरून कितीही छान दिसला तरी बदलायचा.

पेट्रोल आणि तेलाचे माप

आता पंपावर मिळते ते वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. उसाची मळी इथेनॉल होऊन पुन्हा आपल्याच टाकीत येते. शेतकऱ्याला त्याचा उपयोग आहे, पण जुन्या गाड्या या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल हवेतले पाणी शोषते, जुने रबर आणि बुच खराब करते, आणि मिश्रण थोडे पातळ पडते. म्हणून पेट्रोलची नळी नवीन, इथेनॉलला टिकणारी घाला. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

या जुन्या इंजिनांना साधारण एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर टू-टी ऑइल लागते. पहिल्या सुरुवातीला थोडे जास्त, लिटरला ५० मिलिलिटर, घेतले तर बरे. पहिल्या दिवशी फक्त अर्धा लिटर पेट्रोल आणि २५ मिलिलिटर ऑइल, वेगळ्या स्वच्छ डब्यात मिसळून, हलवून मगच टाकीत ओता. माप औषधाच्या टोपणाने घ्या, नजरेने नको.

आणि मग किक

गाडी उघड्यावर घ्या. बंद बोळात इंजिन सुरू करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि वासही येत नाही. शेजारी वाळूची बादली ठेवा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना गल्लीच्या टोकाला पाठवा. मुलांना सायलेन्सरमागे उभे राहू देऊ नका.

आधी नळ उघडून, चावी बंद ठेवून, सात-आठ हलक्या किक. याने मिश्रणातले तेल क्रँकपर्यंत पोहोचते. येझदीचा किकचा आणि गिअरचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवायचा. मग चावी चालू, बिस्मिल्लाह म्हणून पूर्ण किक. वेग आपोआप चढू लागला तर लगेच चावी बंद करायची. तरीही थांबले नाही तर कार्बोरेटरचे तोंड जाड फडक्याने दाबायचे, हवा तुटली की इंजिन मरते. हे काम कोण करणार ते आधीच ठरवून तो माणूस जागेवर उभा असावा.

पहिली पाच मिनिटे धूर येणारच, आपणच आत ऑइल घातलेले असते. एक-दोन मिनिटे चालवा, बंद करा, थंड होऊ द्या, पुन्हा चालवा. मग प्लग काढून बघा. चॉकलेटी रंग असेल तर ठीक, पांढरा असेल तर मिश्रण पातळ, काळा ओला असेल तर जाड.

त्या घरातली येझदी सहाव्या किकला लागली. मिनिटभराने उस्तादांनी स्वतः बंद केली. आतून आईंनी विचारले, “बंद का केली?”

रोज चालवायची का

आमचे उत्तर नाही असेच आहे. टू-स्ट्रोकमध्ये थोडे ताजे मिश्रण न जळताच धुराड्यातून बाहेर जाते, आणि त्यासोबत ऑइलही. आज गल्लीत दमेकरी म्हातारी माणसे आहेत, तान्ही मुले आहेत. महिन्यातून एक-दोनदा सकाळी गर्दी नसताना सात रस्त्यापर्यंत जाऊन यायचे, एवढ्यावर गाडी खूश राहते. विमा आणि पीयूसी मात्र त्यासाठीही हवेच.

पहिले पाचशे किलोमीटर हळू चालवा. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी लांबवर सोडू नका. पेट्रोल बंद झाले की तेलही बंद होते, आणि चाक मात्र इंजिन फिरवत राहते. मधूनमधून थोडा थ्रॉटल देत राहायचे.

एका जुन्या गाडीच्या तयारीला नीट केले तर तीन-चार रविवार लागतात. घाई असेल तर गाडी चादरीखालीच बरी. पण वेळ असेल तर घरातल्या मुलांना आणि मुलींनाही सोबत घ्या, उस्तादांची मजुरी घासाघीस न करता द्या, आणि त्यांनी केलेले प्रत्येक माप वहीत लिहून ती वही आरसी बुकाबरोबर ठेवा. पुढच्या वेळी गाडी उघडणाऱ्याला ती उपयोगी पडेल.

पुढच्या अंकात शिलाई मशीन : पायडल जड का होते आणि ऑइल कुठे कुठे घालायचे.